एकटा ढग

परवा हस्त बरसला. दुपारभर हवा अशी कोंडली होती की झाडाचे पान हलत नव्हते. चारच्या सुमारास हडपसरच्या बाजूला एक पांढरा ढग उठला. आधी कापसाच्या पेळूएवढा; मग फुलकोबीच्या गड्ड्यासारखा फुगत, एकावर एक डोकी काढीत तो वर चढू लागला, आणि पाच वाजेपर्यंत त्याचा माथा ऐरणीसारखा पसरून अर्ध्या आभाळावर आला. मी आणि माझी नात गच्चीवर उभे होतो. वीज चमकली की ती मोठ्याने आकडे मोजी आणि गडगडाट ऐकू आला की थांबे. तीन आकड्यांना एक किलोमीटर, हा हिशेब मी तिला शिकवला होता. बारा झाले, नऊ झाले, सहा झाले. मग मोजण्यात अर्थ उरला नाही आणि आम्ही दोघे भिजत खाली पळालो.

टॉवेलने डोके पुसता पुसता ती म्हणाली, "आजोबा, हा ढग आला कुठून?"

"आला कुठून म्हणजे? इथंच झाला. आपल्या डोळ्यांदेखत झाला ना?"

तिचे समाधान झाले. माझे झाले नाही. पस्तीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे असली उत्तरे माझ्या ओठांवर तयार असतात. हेच उत्तर, जवळजवळ याच शब्दांत, मी एकदा माझ्या वडिलांना दिले होते. आणि त्याची किंमत मी नव्हे, त्यांनी मोजली होती.

आमचे गाव बार्शी तालुक्यात. जमीन काळी, पण कोरडवाहू. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. पाऊस ते मिलिमीटरने नव्हे, नक्षत्रांनी मोजीत. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस. कोणत्या साली कोणते नक्षत्र कोरडे गेले हे त्यांना घरातल्या जन्ममृत्यूंसारखे पाठ होते. मी मात्र पुण्यात राहून, टेबलाशी बसून, त्यांच्या पावसाविषयी त्यांच्यापेक्षा अधिक जाणतो अशा समजुतीत वावरत होतो.

२००२ साली जूनमध्ये पाऊस बरा झाला. वापसा आला तशी आप्पांनी उडीद आणि सोयाबीनची पेरणी उरकली. उगवणही झाली. आणि जुलै लागला तसा पावसाने हात आखडता घेतला. आजउद्या येईल, आजउद्या येईल, करीत दोन आठवडे कोरडे गेले. त्या जुलैत साऱ्या देशातच सरासरीच्या निम्मासुद्धा पाऊस पडला नाही हे आज आकड्यांवरून कळते; तेव्हा प्रत्येक शेतकऱ्याला वाटत होते की आभाळ आपल्या एकट्यावर रुसले आहे. आषाढीला मी गावी गेलो तेव्हा रोपे करपून काडीसारखी झाली होती. आप्पा बांधावर बसून असत. बोलत काही नसत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वैरागच्या अंगाला एक ढग उठला. एकच. पण काय देखणा! तासाभरात त्याने साऱ्या शिवाराला झोडपून काढले. मी मास्तर माणूस. अंगणात सरळ काठाचा डबा मांडून ठेवला होता. सकाळी त्यात पट्टी बुडवून पाहिली, तर २५ मिलिमीटर. पुरता इंचभर. दुपारी आप्पांनी मातीचे ढेकूळ मुठीत दाबले, फोडले, नाकाशी नेले आणि पुन्हा खाली टाकले.

मी म्हणालो, "आप्पा, सूर्यफूल पेरा. तूर पेरा. अजून वेळ गेलेली नाही."

ते म्हणाले, "एकटाच व्हता रं ढग. त्येच्या मागं माणसं न्हाईत."

मला हसू आले. "आप्पा, ढगाच्या मागं माणसं कशाला हवीत? ढग काही कुठून चालत येत नाही. इथंच होतो. जमीन तापते, ओली हवा हलकी होऊन वर जाते, वर गारवा लागला की तिचं पाणी होतं. काल झाला, तसा उद्या होईल. आता तर जमीनही ओली झालीय."

आप्पा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तू शिकलेला हाईस. म्हणतूस तर टाकतू."

बियाण्याला पैसे नव्हते. त्यांनी एक खिलार कालवड बाजारात नेली. मी पुण्याहून पैसे पाठवतो म्हटले, तर म्हणाले, "बी माझ्या रानात पडायचं हाय, पैसा माझाच पायजे." त्यांनी चाड्यावर मूठ धरली, धाकट्या भावाने बैल हाकले, आणि मी रात्रीच्या गाडीने पुण्याला परतलो.

दुसऱ्या दिवशी ढग आला नाही. त्यानंतरच्या आठवड्यातही नाही. बियाणे उगवले, दोन पानांवर आले आणि सुकले. पुढे ऑगस्टमध्ये देशभर पाऊस सावरला, आमच्याकडेही आला. पण तोवर शेतात काही उरले नव्हते आणि घरात विकण्यासारखेही फारसे नव्हते. आप्पा मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गेलो तेव्हा एकदा वळवाचा ढग पाहता पाहता त्यांनी विचारले, "तुझ्या पुस्तकात ढगाच्या मागचं काय लिव्हलंय का रं?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते. मी म्हणालो, "बघतो." २००९ साली ते गेले. तोवर मी काही पाहिले नव्हते.

पाहिले ते नंतर, निवृत्त झाल्यावर, आणि तेही एका स्नेह्यांमुळे. शिवाजीनगरच्या वेधशाळेत त्यांची सारी नोकरी झाली. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून तेथे आले, म्हणून जुने पुणेकर त्या इमारतीला अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले तरी नाव राहिले. मी त्यांना कालवडीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "तुम्ही सांगितलंत त्यात खोटं काही नव्हतं. अर्धं होतं."

त्या उरलेल्या अर्ध्याच्या मागे मी गेली काही वर्षे आहे.

माझ्या अर्ध्याचा हिशेब आधी करून टाकतो. एका एकरावर इंचभर पाऊस म्हणजे सुमारे १ लाख लिटर पाणी. वाफेचे पाणी होताना दर लिटरमागे सुमारे २५ लाख ज्यूल सुप्त उष्णता बाहेर पडते. गुणाकार केला की विजेच्या भाषेत ७०,००० युनिट होतात. आमच्या घरी महिन्याला २०० युनिट वीज लागते. म्हणजे आप्पांच्या एका एकरावर तासाभरात पडलेल्या पावसाने आभाळात सोडलेली उष्णता माझ्या घराला एकोणतीस वर्षे पुरली असती! ही उष्णताच ढगाला वर रेटते हे मी दर वर्षी फळ्यावर शिकवीत आलो. पण ढग विरल्यावर ती जाते कुठे, हा प्रश्न पस्तीस वर्षांत मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही.

हर्बर्ट रील आणि जोआन मालकस यांनी त्याच्या जवळचा एक प्रश्न विचारला होता. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात समुद्रालगतची उष्णता वरच्या थरांत पोचवते कोण? १९५८ साली त्यांनी उत्तर दिले : साऱ्या पृथ्वीभोवती एका वेळी उभे असलेले १,५०० ते ५,००० उंच ढग. त्यांना त्यांनी तप्त मनोरे म्हटले. एवढ्या मोठ्या पृथ्वीला एवढेसे मनोरे! पुढे जोआन सिम्पसन या नावाने ओळखल्या गेलेल्या या बाईंनी १९४९ साली हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. ढग पाहायचा तर त्याच्या आत विमान घालावे अशा मताच्या त्या होत्या. मी पस्तीस वर्षे खडू घेऊन ढग शिकवला, याची आठवण त्यांच्याविषयी वाचताना वारंवार होते.

आता ती उष्णता. आपल्यापासून दूर, युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत, पृथ्वीच्या फिरण्याची पकड हवेवर घट्ट असते. एका जागी ऊब साठली तर ती तेथे दिवसचे दिवस टिकू शकते. विषुववृत्ताजवळ ही पकड सैल पडते. एखाद्या ठिकाणी ढगांनी हवा तापवली की ती तापलेली राहत नाही. विहिरीत धोंडा टाकल्यावर लाट जशी काठापर्यंत जाते, तशी ती ऊब हवेच्या लाटा होऊन चहूकडे पसरते. कुठे हवा किंचित वर उचलली जाते, कुठे किंचित खाली बसते. ढग तासाभरात मरतो, पण त्याने दिलेला धक्का शेकडो मैलांवर जाऊन पोचतो.

या धक्क्यांना वाटा कोणत्या, हे १९६६ साली तारो मात्सुनो या जपानी शास्त्रज्ञाने गणिताने काढले. त्याच्या समीकरणांत ढग नव्हते, पाऊस नव्हता. फिरत्या पृथ्वीवरचा पाण्यासारखा एक पातळ थर, एवढेच. त्यातून निघाले की विषुववृत्त हा हवेच्या लाटांचा पाट आहे. शेतात पाणी देताना पाटाला दोन्ही बाजूंनी वरंबे असतात म्हणून पाणी फुटून जात नाही. येथे वरंबे मातीचे नसून पृथ्वीच्या फिरण्याचे आहेत. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळू पाहते आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे. म्हणजे दोन्हीकडून विषुववृत्ताकडेच. म्हणून एका जातीची लाट या पाटातून सरळ पूर्वेला धावते. तिला केल्विनची लाट म्हणतात. दुसऱ्या एका जातीच्या लाटा पश्चिमेकडे सरकतात. मला या कागदाचे मोठे कौतुक वाटते, ते अशासाठी की पुढे १९९९ साली मॅथ्यू व्हीलर आणि जॉर्ज किलाडिस यांनी उपग्रहांनी टिपलेल्या ढगांच्या नोंदींची अशीच छाननी केली, तेव्हा ढगांचे थवे मात्सुनोच्या रेघांना धरूनच हिंडताना सापडले. ज्या गणितात पाऊस नव्हता त्याच्याच वाटांनी पाऊस चालत होता! फरक एवढाच की ढग सोबत घेतलेली लाट जड होते. कोरडी केल्विनची लाट भरधाव जाते. ढगांसकटची सेकंदाला पंधराएक मीटरने, म्हणजे ताशी पन्नासेक किलोमीटरने.

आणि एक लाट तर या गणितातही बसली नाही. ती सर्वांत मोठी. पॅसिफिक महासागरात विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला कँटन नावाचे एक चिमुकले प्रवाळबेट आहे. तेथे रोज हवेत फुगे सोडून वाऱ्याच्या नोंदी ठेवल्या जात. सुमारे दहा वर्षांच्या त्या नोंदी रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या दोघांनी चाळल्या, आणि १९७१ साली जाहीर केले की येथील वारे आणि हवेचा दाब दर ४० ते ५० दिवसांनी एक हेलकावा खातात. खालचा वारा पश्चिमेचा झाला की वरचा पूर्वेचा होतो, आणि मग उलट. पुढल्याच वर्षी त्यांनी इतर बेटांवरच्या आणि बंदरांतल्या नोंदी जोडून दाखवले की हा हेलकावा एका बेटाचा नाही. हिंदी महासागरावर पावसाळी ढगांचा एक प्रचंड जथा जमतो, तो इंडोनेशियावरून पॅसिफिककडे सरकतो, आणि त्याच्या वाऱ्यांचा माग पृथ्वीप्रदक्षिणा करतो. वेग सेकंदाला पाच मीटर; ताशी अठरा किलोमीटर. गावातला पोस्टमन सायकलवरून जाईल तेवढाच. जथ्याच्या पुढे आणि मागे, हजारो किलोमीटरपर्यंत, हवा खाली बसत असते आणि तेथे ढगांना डोके वर काढता येत नाही.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. या जथ्यातला कोणताही ढग पूर्वेला जात नसतो. १९८८ साली नाकाझावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवले की जथा पूर्वेला सरकतो आणि त्याच्या पोटातले ढगांचे लहान थवे बऱ्याचदा उलटे, पश्चिमेला जातात. ते विरतात आणि पूर्वेच्या कडेला नवे उगवतात. ज्वारीच्या शेतावरून वारा गेला की लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते, ताटे जागच्या जागीच डुलतात. कालिदासाच्या यक्षाने आषाढात रामगिरीवरून ढगाला अलकेला निरोप घेऊन पाठवले. नागपूरकडची मंडळी रामटेक तो रामगिरी म्हणतात. गडगडाटी ढगाचे आयुष्य तासा-दोन तासांचे. बिचारा विंध्यापर्यंतही पोचायचा नाही. निरोप मात्र पोचू शकतो. या ढगाने त्या ढगाच्या कानात सांगत.

पण ताटे आणि ढग यांत फरक आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ताटाच्या डुलण्याने वारा वाहत नाही. ढगाच्या उष्णतेवर मात्र लाट जगते. मग लाट ढगांना जन्म देते की ढग लाटेला? या पहिल्या फेरीवरून शास्त्रज्ञांचे अजून वाद चालतात, आणि ते वाद वाचताना मला घरातल्या भांडणाची आठवण येते. संसार दोघांनी मिळून चाललेला असतो. सुरुवात कोणी केली हे दोघांनाही सांगता येत नाही.

माझ्या डोक्यात खरा प्रकाश पडला तो वेगळ्याच ठिकाणी. लाटेतली हवा वर उचलली जाते असे मी म्हटले. किती? सेकंदाला एखादा सेंटिमीटर. मुंगी याहून भरभर चालते. आणि गडगडाटी ढगातला झोत सेकंदाला दहा-वीस मीटरने उसळत असतो. या मुंगीने त्या हत्तीला उचलले म्हणावे तर हसू येईल. स्नेह्यांना मी तसे म्हणालोही. ते म्हणाले, "हत्तीला उचलत नाही हो ती. वाट करून देते." एखादा सेंटिमीटर खरा, पण दिवसभरात साडेआठशे मीटर झाले. तेवढ्याने मधल्या थरातली हवा गार होते आणि ओली होते. ढगाचा शत्रू जमिनीवर नसतो, तो तेथे मध्यावर असतो : कोरडी हवा. खालून कितीही जोमाने ढग उसळला तरी वाटेत ही कोरडी हवा त्याच्या अंगात शिरते, त्याचे पाणी पिऊन टाकते, आणि तो खुंटतो. ज्या दिवशी मधला थर ओला असतो त्या दिवशी ढग माथ्यापर्यंत, पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत, जातो.

मग तो थर ओला होतो कसा? थोडा लाटेच्या उचलण्याने, आणि थोडा आधी मेलेल्या ढगांमुळे. आधी बुटके ढग येतात. ते वर जातात, कोरड्या हवेत विरतात, आणि विरताना आपली ओल तेथे ठेवून जातात. मग मध्यम उंचीचे येतात. ते आणखी वरची हवा भिजवून जातात. मग मनोरे उभे राहतात, धो धो पाऊस पडतो. आणि सरतेशेवटी माथ्यावरचा ऐरणीसारखा पसारा उरतो व त्यातून संथ झिमझिम चालते. एका वादळात हा क्रम काही तासांत पुरा होतो. केल्विनच्या लाटेत तोच क्रम काही दिवसांत, हजारो किलोमीटरवर पसरून. मॅडन आणि ज्युलियन यांच्या जथ्यात तोच क्रम काही आठवड्यांत. मी गच्चीवरून नातीला दाखवला तो ढग आणि अर्धा हिंदी महासागर व्यापणारी ती लाट यांची कुळी एक. २०११ च्या ऑक्टोबरपासून मालदीवच्या अड्डू बेटांवर रडार लावून आणि फुगे सोडून शास्त्रज्ञांनी ही बुटक्या ढगांपासून मनोऱ्यांपर्यंतची चढण जवळून पाहिली.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. आप्पा म्हणाले होते, त्याच्या मागे माणसे नाहीत. त्यांची चूक काढायचीच तर एवढीच की माणसे मागे नव्हे, पुढे असावी लागतात. आधी जाऊन विरणारी. त्या संध्याकाळच्या ढगाच्या आधी आभाळात काय होते ते मी आठवू लागलो. काही नव्हते. सकाळी लख्ख ऊन, दुपारी लख्ख ऊन. एक ढग कसाबसा कोरड्या हवेला भेदून वर गेला, आणि मी त्याच्या जिवावर आप्पांना सांगितले की उद्याही होईल.

कोणी म्हणेल, विषुववृत्तावरच्या लाटेचा बार्शीशी काय संबंध? हा संबंध जोडणाऱ्या कामात एक मराठी नाव आहे, आणि त्याचा मला जरा अभिमानही आहे. डी. आर. सिक्का आणि पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी १९७३ ते १९७७ या काळातली उपग्रहांची रोजची चित्रे पुढे घेतली आणि पावसाळ्यात ढगांचा पट्टा रोज कोठे आहे ते पाहिले. १९८० साली त्यांनी मांडले की हिंदी महासागरात विषुववृत्ताजवळ उगवलेला ढगांचा पट्टा सावकाश उत्तरेला सरकतो, दिवसाला सुमारे एक अक्षांश, आणि आपल्या मोसमी पट्ट्यात येऊन मिळतो. असे तीन-चार पट्टे एका पावसाळ्यात येतात. एक येऊन गेला आणि दुसरा यायचा आहे, की मध्ये उघडीप. पट्टा थेट हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की तिकडे आसाम-बिहारात पूर येतात आणि इकडे आपल्या मराठवाड्या-सोलापुरात धूळ उडते. आपण म्हणतो पाऊस रुसला. तो दुसऱ्या दारी गेलेला असतो.

एकदा मोह झाला. एक पाऊस-नक्षत्र साडेतेरा दिवसांचे. तीन नक्षत्रे म्हणजे साधारण चाळीस दिवस. मॅडन आणि ज्युलियन यांचा हेलकावाही चाळीस-पन्नास दिवसांचा! म्हणजे आपल्या पूर्वजांना... पण मी तेथेच थांबलो. नक्षत्रे सूर्याच्या चालीवर मांडलेली, त्यांच्या तारखा ठरलेल्या. लाट तारीख पाहून येत नाही, कधी तीस दिवसांनी येते तर कधी साठ. आप्पांना जे कळले होते ते नक्षत्रांमुळे नव्हे. साठ पावसाळे आभाळाकडे पाहण्यात घालवल्यामुळे.

गेल्या उन्हाळ्यात स्नेह्यांनी मला संगणकावर एक चित्र दाखवले. आडवे रेखांश, आफ्रिकेपासून पॅसिफिकपर्यंत. उभे दिवस, वरून खाली. जेथे ढग तेथे गडद रंग. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारे गडद पट्टे, सोलापुरी चादरीवर तिरप्या रेघा विणाव्यात तसे. मी म्हणालो, "२००२ काढा." त्यांनी काढले. जुलैच्या आडव्या पट्टीत पश्चिम पॅसिफिक काळाभोर होता; तेथे त्या महिन्यात वादळांमागून वादळे झाली. भारताच्या रेखांशांवर रंग फिका होता, जवळजवळ कोरा. त्या वर्षी पॅसिफिकमध्ये एल निन्यो उभा राहत होता, तेव्हा सारा दोष एका लाटेला देता येणार नाही, हे त्यांनी बजावून सांगितले. मी मान हलवली; पण माझे लक्ष त्या कोऱ्या जागेकडे होते. वैरागचा ढग त्या चित्रात कोठेच नव्हता. एवढ्या मोठ्या चित्रात दिसण्याइतका तो मोठा नव्हताच.

आता मीही ते चित्र अधूनमधून पाहतो. त्या मोठ्या लाटेसाठी शास्त्रज्ञांनी वर्तुळाचे आठ भाग केले आहेत आणि एक ठिपका त्यांतून फिरत असतो. दोन आणि तीन म्हणजे लाट हिंदी महासागरावर, सहा-सात म्हणजे पश्चिम पॅसिफिकवर. ठिपका मधल्या लहान वर्तुळात शिरला की लाट दुबळी. माझी बायको याला माझी कुंडली म्हणते. हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढते, त्यातही या लाटेचा वाटा असतो. जिल्ह्यांच्या समूहापुरते त्यातून बरेच सांगता येते. एका शेतापुरते नाही.

परवाच्या पावसानंतर रात्री भावाचा फोन आला. तिकडेही पाऊस झाला होता. शाळू पेरायचा आहे; ओल पुरेल का, की आणखी एका पावसाची वाट पाहावी, असे त्याचे चालले होते.

"दादा, तुमचा ठिपका काय म्हणतोय?"

मी चश्मा लावून पाहिले. ठिपका मधल्या वर्तुळात होता. "काहीच म्हणत नाही. यंदा या पंधरवड्यात लाट दुबळी आहे. येईलही, न येईलही."

"मग?"

"काल दुपारी आभाळात काय होतं? पाऊस यायच्या आधी?"

तो जरा थांबला. "बारके ढग होते. परवापासूनच होते. येत होते, जात होते."

"आणि आज?"

"आज बघितलं नाही," तो म्हणाला. "उद्या दुपारी बांधावर जाऊन बघतो, मग फोन करतो. तोवर बी बाहेर काढत नाही."